गलका आणि एकाग्रता

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेनेका नावाचा एक मोठा पंडित होऊन गेला. त्याने आपल्या एका मित्राला लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतील छप्पन्नावे पत्र तो एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वर बिऱ्हाड करून असताना लिहिलेले आहे. खाली काय चालले आहे याची त्याने यादीच दिली आहे. कोणी वजने उचलताना कुंथत आहे, कोणाचे अंग रगडताना तळव्याचे फटके वाजत आहेत, कोणी हौदात धबकन उडी मारतो, कोणी आपल्याच आवाजावर खूश होऊन न्हाताना गात सुटतो. केस उपटणारा न्हावी किंचाळून गिऱ्हाईक बोलावतो, आणि त्याला गिऱ्हाईक मिळाले म्हणजे मग गिऱ्हाईक किंचाळते! शिवाय खाद्यपदार्थ विकणारे फेरीवाले आहेतच. प्रत्येकाची हाळी वेगळी.

एवढे सारे सांगून सेनेका म्हणतो की, माझे चित्त स्थिर असेल तर या कशाचाही मला उपद्रव नाही. खरा गोंगाट मनाच्या आत असतो. वाचणाऱ्याला वाटते, वाहवा, काय हा स्थितप्रज्ञ! पण पत्राच्या अखेरीला स्वारी हळूच कबूल करते की, हे सगळे खरे असले तरी गोंगाटापासून दूर असणे सोयीचेच नव्हे का? तेव्हा मी लवकरच येथून बिऱ्हाड हलवणार आहे.

या पत्रात एक वाक्य असे आहे की त्याच्यावरून नजर सहज घसरून जाते. सेनेका सांगतो की, नुसत्या आवाजापेक्षा माणसाचा बोलण्याचा आवाज माझे लक्ष अधिक ओढतो. लोहाराचा हातोडा, सुताराची करवत चालते, पण शब्द आला की मन तिकडे जाते. ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध व्हायला पुढे एकोणीस शतके लागली. मधल्या काळात विद्वानांनी गोंगाटाबद्दल तक्रारी पुष्कळ केल्या, चिंतन मात्र फारसे केले नाही. मन एकाग्र होत नाही हा मनाचा दोष, असेच सर्वत्र मानले जात होते. आपल्याकडेही चंचल मनाला लगाम घालण्याचेच धडे मिळाले. आवाजाचा कान कोणी धरला नाही.

तो धरला एकोणिसाव्या शतकातल्या लंडन शहराने. त्याची हकीगत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे.

टॉमस कार्लाइल हा इतिहासकार 1834 मध्ये स्कॉटलंड सोडून लंडनच्या चेल्सी भागात चेनी रो या गल्लीत राहायला आला. गल्ली तशी शांत. पण कार्लाइलचे कान भारी हळवे. शेजारणीचा पियानो, रस्त्यावरचा फेरीवाला, कुत्रे, पोपट, आणि सर्वांत वाईट म्हणजे शेजारच्या अंगणातले कोंबडे. कोंबडा आरवतो तो क्षणभर. पण हा पुढच्या आरवण्याची वाट बघत बसणार, आणि तेवढ्यात हातातले वाक्य निसटून जाणार. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन कोंबड्यांचा बंदोबस्त करण्याचे काम त्याच्या पत्नीवर, जेन कार्लाइलवर येई. ती स्वतः उत्तम पत्रलेखिका होती; तिची पत्रे वाचली म्हणजे कळते की घरातली शांतता ही कोणाच्या तरी खटपटीने निर्माण होत असते, आणि ती खटपट करणाऱ्याचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नसते.

अखेर 1853 मध्ये कार्लाइलने घराच्या माथ्यावर एक खास खोली बांधून घेतली. भिंती दुहेरी, मध्ये पोकळी, रस्त्याकडे खिडकी नाही, उजेड फक्त वरच्या काचेतून. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचे प्रचंड चरित्र त्याला या खोलीत बसून लिहायचे होते. झाले काय? जवळचे काही आवाज कमी झाले खरे. पण ते कमी होताच लांबचे आवाज येऊ लागले. नदीवरच्या बोटींच्या शिट्या, आगगाडी, पूर्वी ज्यांची दखलही नव्हती असे कितीतरी आवाज! ती घरातली सर्वांत गोंगाटाची खोली ठरली असेच पुढे सांगितले जाऊ लागले. तरी कार्लाइलने तिथेच बसून ते चरित्र पुरे केले. त्याचा शेवटचा भाग 1865 मध्ये निघाला. बारा वर्षांचे हे काम संपल्यावर ती खोली मोलकरणीला निजायला दिली.

त्याच सुमारास लंडनच्या दुसऱ्या भागात, डॉर्सेट स्ट्रीटवर, चार्ल्स बॅबेज राहत होता. आजच्या गणकयंत्रांचा आजोबा म्हणून ज्याचे नाव घेतात तोच हा. 1834 नंतर तो आपल्या 'ॲनॅलिटिकल एंजिन'च्या आराखड्यात गढून गेला होता. सर्व प्रकारची गणिते करणारे, छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून हुकूम घेणारे ते यंत्र होते. ते कधीच पुरे झाले नाही, पण त्याचे आराखडे बघून आजही तज्ज्ञ तोंडात बोट घालतात. अशा कामात माणूस शेकडो दातेरी चाकांची गती एकाच वेळी डोक्यात धरून बसलेला असतो. मनातली ती रचना एकदा कोसळली की पुन्हा पहिल्यापासून उभी करावी लागते.

आणि बाहेर रस्त्यावर वाजत असे बाजाची पेटी. दांडा फिरवला की आतले नळकांडे फिरते आणि आठ-दहा ठरलेली गाणी एकामागून एक बाहेर पडतात. वाजवणाऱ्याला संगीत येण्याची गरज नाही, दंडात जोर असला म्हणजे पुरे. हे बाजेवाले बहुतेक इटलीतून आलेले गरीब लोक. पेटीही पुष्कळदा त्यांच्या मालकीची नसे. ती भाड्याने देणारा मुकादम निराळाच. काहींची युक्ती तर अशी की, वाजवण्याचे पैसे नाही मिळाले तर वाजवणे बंद करण्याचे पैसे मागायचे.

बॅबेज पडला आकडेवाला माणूस. त्याने चिडून नुसते पत्र नाही पाठवले, मोजदाद केली. ऐंशी दिवसांत 165 वेळा कामात व्यत्यय आला, अशी त्याची नोंद आहे. 1864 मध्ये त्याने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात रस्त्यावरच्या उपद्रवांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. छळाची साधने कोणती याची यादी त्यात आहे: पेट्या, पितळी वाद्यांचे ताफे, सारंग्या, मशकबाजे, ढोल, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, रस्त्यावरची भजने. आणि या मंडळींना उत्तेजन कोण देतात त्यांचीही यादी आहे: दारूच्या गुत्त्यांचे मालक, नोकरचाकर, मुले, खेड्यातून आलेले पाहुणे, आणि आणखी काही अशी मंडळी की ज्यांचा उल्लेख आकाशवाणीवर न केलेला बरा. बारा वर्षांत आपली एक चतुर्थांश कार्यशक्ती या गोंगाटाने खाल्ली, असा त्याचा हिशेब होता. हा चौथाईचा आकडा त्याने कसा काढला हे विचारण्यात अर्थ नाही. पण बुद्धीच्या कामाची नासाडी आकड्यात मांडण्याचा विचार त्याने केला, हे नवे होते.

शेजाऱ्यांना त्याचा हा त्रागा ही मोठीच करमणूक झाली. तो पोलिसाला शोधायला बाहेर पडला की पोरांचा घोळका मागे लागे. दाराशी मेलेली मांजरे टाकली जात. दुकानांच्या खिडक्यांत त्याची टवाळी करणारे कागद लागत. एकदा तर घरासमोर एक बँड पाच तास, मध्ये एखाद-दुसरी उसंत घेऊन, वाजत राहिला.

बॅबेज एकटा नव्हता. डर्बीचा खासदार मायकेल टॉमस बास हा दारूचा मोठा कारखानदार होता. त्याने 1864 मध्ये पार्लमेंटात विधेयक आणले. त्याच्या पाठिंब्याचे एक पत्र चार्ल्स डिकन्सने तयार केले, त्यावर टेनिसन, विल्की कॉलिन्स, चित्रकार मिले आणि आपला कार्लाइल अशा बड्या मंडळींच्या सह्या होत्या. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही घरी बसून डोक्याने काम करणारे लोक; आमचे घर हाच आमचा कारखाना. गिरणीत कोणी शिरून माग बंद पाडला तर तो गुन्हा होतो, मग आमचा माग बंद पाडणारा मोकळा का?

कायदा झाला. आधीच्या 1839 च्या पोलीस कायद्यात आजारपणासाठी तरतूद होती. आता नव्या कायद्यात घरमालकाच्या नित्याच्या कामात व्यत्यय येतो, एवढे कारणही बाजेवाल्याला हटवायला पुरेसे झाले. ऐकले नाही तर चाळीस शिलिंगांपर्यंत दंड किंवा तीन दिवसांपर्यंत कैद. माझ्या मते हे वाक्य इतिहासात ठळक करून ठेवण्यासारखे आहे. गोंगाटाने झोप मोडते, आजाऱ्याला त्रास होतो, हे जग पूर्वीपासून मानीत होते. विचार करण्याचे कामही मोडते आणि ती हानीच आहे, हे येथे कायद्याने मानले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात 'पंच' साप्ताहिकाचा चित्रकार जॉन लीच वारला. बाजेवाल्यांच्या आवाजानेच त्याचा बळी घेतला असे त्याचे मित्र म्हणत राहिले. वैद्यकाच्या दृष्टीने त्यात कितपत तथ्य होते कोण जाणे. बॅबेज मात्र 1871 पर्यंत जगला, आणि त्याच्या मृत्युलेखात लंडनच्या 'टाइम्स'ने बाजेवाल्यांचा छळ सोसूनही गृहस्थ इतकी वर्षे जगले, असा शेरा मारला.

आता दुसरी बाजूही बघितली पाहिजे. ज्या पोरांच्या आयुष्यात नाटकशाळा नव्हती, ज्या मोलकरणीला मैफलीचे तिकीट परवडत नव्हते, तिला ती पेटी हेच संगीत होते. आणि परक्या देशात दिवसभर ओझे पाठीवर वाहून पोट भरणाऱ्या त्या इटालियनाची बाजू पार्लमेंटात कोणी मांडायची? काही खासदारांनी गरिबांच्या करमणुकीवर घाला म्हणून विरोध केलाही. बास आणि त्याचे मित्र यांची मागणी खोटी नव्हती. पण शांतता मागणारा दिवाणखान्यात होता आणि आवाज करणारा रस्त्यावर होता, ही गोष्ट त्या सगळ्या प्रकरणात आहेच. ज्याला स्वतःचा दिवाणखानाच नाही, आणि तरीही ज्याला अभ्यास करायचा आहे, त्याचा विचार त्या 1864 च्या कायद्यात कुठेही नव्हता.

असा एक विद्यार्थी आपल्या मुंबईत होता. विसाव्या शतकाच्या आरंभी रामजी सकपाळ हे निवृत्त सुभेदार आपल्या मुलांसह परळच्या गिरणगावात डबक चाळीत राहायला आले. खोली एक. त्यातच स्वयंपाक, त्यातच भांडीकुंडी, जळण, त्यातच निजणे. चाळीचा गलबला दिवसभर, आणि संध्याकाळी पाळी सुटली की दुप्पट. भिमरावांच्या अभ्यासाची सोय वडिलांनी कशी केली ते धनंजय कीरांच्या चरित्रात आले आहे. मुलाने रात्री लवकर निजायचे. वडील जागत बसायचे. पहाटे दोनला ते मुलाला उठवायचे आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेवर आपण आडवे व्हायचे. उशाशी जाते, पायाशी शेळी, आणि रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्याशी पुस्तक. दोघांना एका वेळी निजायला जागा नव्हती हे तर खरेच. पण दोनचीच वेळ का? त्या वेळी चाळ गप्प असते म्हणून. कार्लाइलने दुहेरी भिंती बांधल्या, सुभेदारांनी आपली झोप दिली.

दिवसा हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. तेथेच त्याची गाठ कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींशी पडली. केळुसकर हे विल्सन हायस्कूलचे शिक्षक आणि ग्रंथकार; तेही त्याच बागेत वाचायला येत. म्हणजे बघा, 1907 मध्ये मॅट्रिक झालेल्या या मुलाच्या हाती केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले, आणि त्याचा पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे; त्या इतिहासाच्या मुळाशी घरात वाचायला शांत जागा नसणे हे एक कारण आहे!

पुढे डॉक्टर आंबेडकर लंडनला गेले तेव्हा त्यांनी आपला बहुतेक वेळ ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात घालवला. उघडल्यापासून बंद होईपर्यंत. घुमटाखालचे हे गोल दालन 1857 मध्ये सुरू झाले आणि 1997 पर्यंत तेथे वाचन चालले. गंमत अशी की याच संस्थेच्या जुन्या वाचनालयाला कार्लाइल कंटाळला होता. शेजारी बसलेल्यांची चुळबूळ त्याला सोसत नसे, त्याने स्वतंत्र खोली मागितली, ती काही मिळाली नाही. घरी नेऊन पुस्तके वाचता यावीत म्हणून त्याने पुढाकार घेतला आणि 1841 मध्ये 'लंडन लायब्ररी' निघाली. ज्या वाचनालयात बसणे एकाला शिक्षा वाटली तसल्याच दालनात दुसऱ्याला जन्मात पहिल्यांदा अखंड शांतता मिळाली. परळची एक खोली ज्याने पाहिली आहे त्याला शेजाऱ्याच्या चुळबुळीचे काय!

आता डोक्याच्या कामाकडून हाताच्या कामाकडे वळू. तेथे निराळाच प्रकार दिसतो. जात्यावर बसलेली बाई ओवी गाते, मोट हाकणारा गातो, नावाडी गातो. एकच हालचाल पुन्हा पुन्हा करायची असली की मन रिकामे राहते, आणि रिकामे मन कंटाळते. त्याला सूर हवा असतो. कारखानदारांच्या हे उशिरा ध्यानात आले. 1930 च्या दशकात ब्रिटनमध्ये कामगारांच्या थकव्याबद्दल सरकारी तपास झाला, त्यात आढळले की, तेच ते काम करणाऱ्यांना ठराविक वेळ संगीत ऐकवले तर कंटाळा कमी होतो आणि उत्पादन थोडे वाढते. मग दुसरे महायुद्ध आले. 23 जून 1940 रोजी बीबीसीने 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. दारूगोळ्याच्या कारखान्यांतून कर्ण्यांवर तो ऐकवीत. तो 1967 पर्यंत चालला. त्याचे नियम मोठे मार्मिक होते. लय सारखी हवी, आवाज मध्येच उतरता-चढता कामा नये, झोप आणणारी चाल नको. एका लोकप्रिय अमेरिकन गाण्यात मध्ये चार टाळ्या वाजवायच्या असत. कामगार टाळ्यांच्या जागी हातातले हत्यार यंत्रावर आपटू लागले, म्हणून ते गाणे वर्ज्य झाले, असे सांगतात.

पण याच सरकारी मंडळाच्या वतीने 1930 च्या सुमारास विणकरांवरही प्रयोग झाला होता. मागखात्यातला आवाज असा असतो की शेजारच्याशी बोलायचे तर ओठ वाचावे लागतात. लँकेशायरच्या बायकांनी तशी ओठांची भाषाच तयार केली होती. आमच्या गिरणगावात ज्यांची उमर साच्यावर गेली त्यांना हे सांगायला नको. प्रयोगात काही विणकरांना एक आठवडा कानात बोळे घालून आणि एक आठवडा तसेच काम करायला लावले. बोळे घातलेल्या आठवड्यात काम थोडे वाढले. लोकांना वर्षानुवर्षांची सवय होती, आपल्याला काही त्रास नाही असे ते म्हणत. तरी वाढले. सवय झाली म्हणजे आवाजाचा जाच संपतो, या समजुतीला त्या बोळ्यांनी तडा दिला.

महायुद्धानंतर हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला. केंब्रिजचा डोनल्ड ब्रॉडबेंट वगैरे मंडळींनी दाखवले की, फार मोठ्या आवाजात माणूस लगेच काही ढेपाळत नाही. पण लक्ष ठेवण्याचे काम तासन्तास चालले की मधूनमधून चुका होऊ लागतात. कॉलिन चेरीने 1953 मध्ये दोन कानांत दोन निराळी भाषणे सोडून एकाकडेच लक्ष द्यायला सांगितले. दुसऱ्या कानातले शब्द कोणाला सांगता येईनात. म्हणजे कानाला झाकण नसले तरी मनाला आहे म्हणायचे. पण 1959 मध्ये नेव्हिल मोरे याने त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचे स्वतःचे नाव घातले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू गेले. झाकण आहे, पण फट ठेवून.

1976 मध्ये कोल आणि वेल्श या अमेरिकन संशोधकांनी केलेला प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. विद्यार्थ्यांना अक्षरे डोळ्यांनी दाखवायची आणि क्रमाने लक्षात ठेवायला सांगायची. पाठीमागे जर्मन भाषेतला उतारा कोणीतरी वाचतो आहे. विद्यार्थ्यांना जर्मनचे अक्षर कळत नाही, त्या आवाजाकडे दुर्लक्ष करा असेही सांगितलेले. तरी चुका वाढल्या. पुढच्या प्रयोगांत दिसले की सारखी एकसुरी घरघर फारशी नडत नाही. क्षणाक्षणाला बदलणारा आवाज नडतो, मग तो हळू असला तरी. क्रम मनात धरून ठेवायचे काम आणि बदलत्या आवाजाचा क्रम हे एकाच गल्लीतून जाऊ पाहतात, आणि गल्ली अरुंद. पंख्याची घरघर चालते, पावसाची संततधार चालते. शेजारच्या खोलीतले अर्धवट ऐकू येणारे बोलणे चालत नाही ते यामुळे. स्नानगृहावरच्या सेनेकाचे म्हणणे बरोबर होते. आणि बॅबेजचेही. चाल बदलत जाणारी बाजाची पेटी आणि डोक्यातली चाके, दोन्ही क्रमाचेच मामले.

बॅबेजच्या संतापाचा दुसरा धागा ग्लास आणि सिंगर या दोघांच्या, 1972 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या, प्रयोगांत सापडतो. त्यांनी लोकांना कर्कश आवाजात काम दिले. आवाज ठराविक अंतराने आला तर लोक निभावून नेत. केव्हाही अवचित आला तर, आवाज थांबल्यानंतरच्याही कामात चुका जास्त होत, अवघड कोडे लवकर सोडून दिले जाई. मग काहींना एक बटण दिले. फारच असह्य झाले तर हे दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबले नाही. तरी त्यांचे काम बटण नसलेल्यांपेक्षा पुष्कळच चांगले झाले. आवाज तोच, फक्त तो आपल्याला बंद करता येईल हा भरवसा होता. डॉर्सेट स्ट्रीटच्या म्हाताऱ्याकडे 1864 पर्यंत बटणच नव्हते, आणि त्यानंतर मिळाले ते पोलीस शोधून आणावा तेव्हा चालणारे.

संगीत लावून अभ्यास करावा की नाही, हा प्रश्न तरुण मंडळी हटकून विचारतात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात आजवरचे पुष्कळ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा एकूण बेरीज जवळजवळ शून्य आली. पण ती शून्य येते ती उलटसुलट परिणामांमुळे. व्यायामाला आणि मनःस्थितीला संगीताचा फायदा, वाचनाला तोटा. जात्याची ओवी जात्यापाशीच शोभते, इतकाच याचा अर्थ. उपाहारगृहातल्या बेताच्या गलबल्यात नव्या कल्पना जास्त सुचतात, असे 2012 मधले काही प्रयोग सांगतात. पण कल्पना सुचणे निराळे आणि प्रमेय पाठ होणे निराळे.

मोठ्या माणसाला निदान उठून जाता येते. शाळेच्या मुलाला बाक सोडता येत नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या उत्तर टोकाला इन्वुड भागात 98 क्रमांकाची सार्वजनिक शाळा आहे. तिच्या एका बाजूने, उंच खांबांवरून, आगगाडी जाते. मानसशास्त्राच्या प्राध्यापिका आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांच्या एका विद्यार्थिनीचे मूल या शाळेत होते. गाडी आली की शिकवणे थांबते, अशी पालकांची तक्रार. ब्रॉन्झाफ्टबाईंनी सांगितले, तक्रार पुरेशी नाही, पुरावा हवा. दर साडेचार मिनिटांनी गाडी येई, आणि सुमारे अर्धे मिनिट बाईंना गप्प बसावे लागे. म्हणजे नऊ मिनिटांतले एक मिनिट गाडीच्या वाट्याला. रुळांकडच्या वर्गांतली मुले आणि पलीकडच्या शांत बाजूच्या वर्गांतली मुले यांच्या वाचनाच्या परीक्षांचे गुण त्यांनी ताडून पाहिले. मुले एकाच वस्तीतली, शाळा एकच, शिक्षणक्रम एकच. 1975 मध्ये निष्कर्ष छापून आला: सहावीपर्यंत पोचताना गोंगाटाच्या बाजूची मुले वाचनात जवळजवळ एका वर्षाने मागे पडत होती.

मग रेल्वेने रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, शिक्षण खात्याने वर्गांना आवाज शोषणारी छते बसवली. 1981 मध्ये पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही बाजूंची मुले बरोबरीने वाचत होती. मुलांच्या मनाला कोणी लगाम घातला नव्हता, एकाग्रतेचा उपदेश केला नव्हता. फक्त रूळ बसवण्याची रीत बदलली.

म्यूनिकला याहून मोठा प्रयोग आपोआप घडला. 17 मे 1992 रोजी तेथला रीमचा जुना विमानतळ बंद होऊन शहराबाहेर नवा सुरू झाला. संशोधक आधीपासून दोन्ही ठिकाणच्या मुलांची परीक्षा घेऊन बसले होते. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि दीर्घकाळची आठवण उतरत गेली. जुन्याजवळची मुले हळूहळू सुधारली. झालेले नुकसान भरून येते, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले. शाळा, रुग्णालये, न्यायालये यांच्या सभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, आणि तेथे आवाजाची मर्यादा दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबेल. वस्तीत दिवसा 55, रात्री 45. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी, सरकार सणासुदीला वर्षाकाठी मोजके दिवस बाराची सवलत देऊ शकते. 1864 च्या लंडनच्या कायद्याहून हे नियम पुढे गेले आहेत, कारण यांत तक्रार करणारा दिवाणखानाधारी असावा लागत नाही. बाकावरच्या मुलालाही त्यांत जागा आहे. पण सामान्यतः परीक्षा येतात त्या लग्नसराईच्या तोंडावर, आणि शंभर मीटरची मोजपट्टी शाळेपासून लावतात, विद्यार्थ्याच्या घरापासून नव्हे. अभ्यास तर घरी करायचा असतो.

त्यासाठी मुंबईने आपल्यापुरती एक तोड केव्हाच काढली. महापालिकेच्या आणि वस्तीतल्या मंडळांच्या अभ्यासिका आहेत, बागा आहेत. आणि वरळीला, बीडीडी चाळींपासून जवळ, झाडीचा एक शांत रस्ता आहे. दहा बाय बाराच्या खोल्यांतली मुले पुस्तक आणि पाण्याची बाटली घेऊन तेथे जात, आणि दिव्याच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत वाचत बसत. पिढ्यान्‌पिढ्या हे चालल्यामुळे त्या रस्त्याचे नावच लोकांनी 'अभ्यास गल्ली' ठेवले.